कौल मिळालेला पाइप

"मॅडम, देवानं हो म्हटलंय. आता तुम्ही नाही म्हणू नका."

सिद्धेशच्या हातात ॲल्युमिनियमचा लांब, चकचकीत पाइप होता. पाइपच्या टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर. नुकतं खोक्यातून काढलेलं ते सामान त्याने लहान बाळासारखं दोन्ही हातांवर धरलं होतं. बॉनेट उघडं होतं. मागे खुर्चीवर त्याचे वडील, अण्णा, छत्रीवर हनुवटी टेकून बसले होते. माझे बॉस दळवी सर माझ्याकडे बघत होते, आणि मी जमिनीकडे.

कुडाळजवळ हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये मी डायग्नोस्टिक्स बघते. म्हणजे गाडीला लॅपटॉप जोडायचा, इंजिन आत काय करतंय ते आकड्यांमधून वाचायचं आणि गिऱ्हाइकाला समजेल असं सांगायचं. पहिली दोन कामं मला आवडतात. तिसऱ्याची भीती वाटते. शाळेत इंग्रजी, कामावर मराठी, घरी मालवणी, आणि बहुतेक वेळा तिन्ही भाषांत गप्प, असा माझा स्वभाव आहे.

गोष्ट साधी होती. सिद्धेशची गाडी टर्बो पेट्रोल. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त ताकद. ही हवा ज्या वाटेने आत येते, तिला इनटेक म्हणतात. गाडीचं नाकच ते. कंपनीने दिलेलं नाक काढून बाजारातलं मोठं नाक बसवायचं, की टर्बोची शिट्टी मोकळी ऐकू येते आणि गाडी थोडी हलकी पळते. "थोडी" हा शब्द गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही.

सिद्धेश गोव्यात नोकरीला. त्याच्या सगळ्या मित्रांच्या गाड्या शिट्टी मारत होत्या. त्याने आणलेल्या किटला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. त्याचा फिल्टर इंजिनजवळ बसत नाही. पाइप खाली वळतो आणि फिल्टर बंपरच्या मागे, चाकाशेजारी लटकतो. इंजिनच्या गरमीपासून लांब, म्हणून थंड हवा. कोरड्या मुलखात छान. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येतं, आणि नाक जर तिथेच असेल तर गाडी श्वासाबरोबर पाणी ओढते.

पाणी आत गेलं तर काय होतं, हे मी एकदा उघडलेल्या इंजिनात पाहिलं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. बोटाएवढ्या जाडीचा पोलादी दांडा, चमचा वाकवावा तसा. इंजिन तिथल्या तिथे संपतं.

सिद्धेशची गाडी नुसती हौसेची असती, तर मी कदाचित बोललेही नसते. पण अण्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला गोव्यात न्यावं लागतं. गाव रेडीच्या आतल्या बाजूला. जवळचा रस्ता कॉजवेवरून, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून. भरतीला तिथलं पाणी आणखी चढतं. पाऊस असो, वादळ असो, वार चुकवता येत नाही. दुसऱ्या दिवशीही वार होता.

"सिद्धेश, हा फिल्टर खूप खाली येतो," मी म्हटलं. "दुसरा पर्याय आहे. बंद डब्यातला इनटेक. त्याचं तोंड वर, ग्रिलपाशी असतं. आवाज जरा कमी येईल, पण..."

"पण कौल ह्याचाच झालाय ना."

कौल म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे घर बांधायचं, लग्न ठरवायचं, होडी घ्यायची, की ग्रामदेवतेला विचारतात. देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. अण्णांनी देवळात जाऊन पाइपचा कौल घेतला होता. उजवी पडली होती.

"उजवी दिल्यान," अण्णा खुर्चीवरून म्हणाले. "आणि लगेच दिल्यान. गुरवाक पाणी शिपडूक सुदीक लागला नाय."

मी सरांकडे पाहिलं. सर दर सोमवारी वर्कशॉपच्या दारात नारळ फोडणारे.

"देवानं हो म्हटल्यावर मी नाही म्हणणारा कोण?" सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "सायली, आपण ट्रायल म्हणून बसवू. तू त्यांच्याबरोबर गावापर्यंत जा, लॉग घे. तुझं म्हणणं आकड्यांत दाखव, मी गिऱ्हाइकाला समजावतो."

लॉग म्हणजे गाडी चालत असताना इंजिनचे आकडे नोंदवून ठेवणं. जिथे गाडी रोज धावते त्याच रस्त्यावर लॉग घ्यायचा, ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. नाही म्हणायला जागा नव्हती. मी किट बसवलं. मग बंपरशेजारी उभी राहून फिल्टर कुठपर्यंत येतो ते बघितलं. माझ्या नडगीच्या मध्यावर. खिशातल्या मार्करने पँटवर तिथे रेघ मारली. सिद्धेश हसला. "मॅडम, शिवायला टाकताय की काय?"

दुपारी निघालो. सिद्धेश चालवत होता, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, अण्णा मागे. पाऊस सरळ पडत होता. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून शिट्टी यायची, सोडला की फुस्स. दर फुस्सला सिद्धेश आरशात अण्णांकडे बघायचा.

"जनावर पाळलंस रे," अण्णा म्हणाले. पण त्यांनाही आवडलं होतं. ते पूर्वी रेडीच्या खाणीचा माल ट्रकने बंदरावर न्यायचे. इंजिनचा आवाज ऐकताना त्यांची मान आपोआप कलायची.

आकडे चांगले होते. मला ते चांगले नको होते, हे मान्य करायला हवं. खराब आले असते तर बोलणं सोपं झालं असतं.

गावाच्या अलीकडे रस्ता उतरला आणि समोर कॉजवे आला. वरून तांबडं पाणी वाहत होतं. कडेला रांगेने पांढरे दगड लावलेले असतात, त्यांची फक्त डोकी दिसत होती. एक मोटारसायकलवाला पाय वर घेऊन आमच्या देखत पलीकडे गेला.

"बाइक गेली, म्हणजे आपण जाऊ," सिद्धेश म्हणाला.

"काढ, काढ," अण्णा म्हणाले. "ह्याच पाण्यातसून मी भरलेले ट्रक काढलंय. थांबलंस तर भरती वाढात. मगे कोण बापूस काढतलो?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मला वाटत होतं, आपण शिकलेल्या, देव न मानणाऱ्या, घाबरट ठरू. मला वाटत होतं, कदाचित पाणी घोट्याएवढंच असेल. गाडीची पुढची चाकं पाण्यात गेली. बंपरने लाट उचलली. मी खिडकीतून बघायचं सोडून लॅपटॉपकडे बघितलं, कारण तिथे बघायची मला सवय आहे.

आत येणाऱ्या हवेचं तापमान धाडकन उतरलं. मग किती हवा आत येतेय तो आकडाही उतरायला लागला. ॲक्सिलरेटर होता तिथेच होता. याचा अर्थ एकच. फिल्टर भिजला होता, आणि इंजिन त्या ओल्या फडक्यातून जीव खाऊन श्वास ओढत होतं.

"थांबय!" मी ओरडले. "बंद कर! इंजिन बंद कर रे!"

मालवणीत. कामावर मी कधी मालवणी बोलत नाही. सिद्धेश दचकला आणि त्याने बटण दाबलं.

शिट्टी थांबली. नुसता पाऊस, आणि दाराला लागणारं पाणी. गाडी उतारावर, नाक पाण्यात आणि शेपूट रस्त्यावर, अशी उभी राहिली. सिद्धेशचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"चालू करायची नाही," मी म्हटलं. "आत पाणी गेलं असेल तर आता चालू केली की सगळं संपलं. मागे ढकलायची."

दार उघडून उतरले. पाणी गार होतं आणि त्याला ओढ होती. डाव्या पायातली चप्पल गेली. पाणी नडगीला टेकलं, रेघेला टेकलं, रेघ दिसेनाशी झाली. मी बंपर धरून उभी राहिले. पायाखालची वाळू सरकत होती. फिल्टर पूर्ण पाण्याखाली होता. कॉजवेच्या मध्यावर पाणी याहून खोल होतं, आणि आम्ही तिकडे निघालो होतो. तिथे इंजिन मेलं असतं तर मागच्या सीटवर अण्णा होते, आणि भरती येत होती.

अण्णा कधी उतरले मला कळलं नाही. बघते तर सिद्धेश माझ्या शेजारी पाण्यात आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर. "न्यूटल केलंय," ते ओरडले. "ढकला!"

सिद्धेश आणि मी ढकलू लागलो. चढ होता. गाडी हातभर मागे गेली की तेवढीच परत यायची. इतक्यात मागे एक टेम्पो थांबला. त्यातून मासे विकणारी एक बाई उतरली, पदर खोचत.

"काय रे, एवढी भारी गाडी आणि ढकलूक बायलमाणसां?" तिने सिद्धेशला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बंपरला खांदा लावला. टेम्पोवालाही आला. गाडी हलली. एकदाची चारही चाकं वर आली. अण्णांनी हँडब्रेक इतक्या जोरात ओढला की मला तो बाहेरून ऐकू आला.

मी बॉनेट उघडलं. आता खरी भीती होती. फिल्टर काढला, पिळल्यासारखं पाणी गळलं. पाइपचा खालचा तुकडा सोडवला. त्यातूनही पाणी. वरच्या तुकड्याचा क्लॅम्प सैल करताना स्क्रूड्रायव्हर दोनदा सटकला. टर्बोच्या तोंडापाशी कोरडा कपडा आत घातला, फिरवला, बाहेर काढला.

कोरडा.

मी दुसऱ्या टोकाने पुन्हा घातला. कोरडा. पाणी पाइपच्या पहिल्या वळणापर्यंत चढलं होतं. पुढे गेलं नव्हतं.

मी गाडीला टेकून बसले. अण्णा छत्री घेऊन माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले.

"बाय गो," ते म्हणाले, "मगे माझ्या ट्रकाक कधी काय कसा झाला नाय?"

"तुमच्या ट्रकाचा नाक खंय होता, अण्णा?"

त्यांनी विचार केला. मग डोक्याच्या वर, केबिनच्या मागे असल्यासारखा हात नेला. हात तिथेच राहिला. "आणि हेचा?"

मी बंपरच्या खाली, चाकाशेजारी बोट दाखवलं. अण्णा वाकून बघत राहिले.

"पण कौल..." सिद्धेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, त्याला इंजिनापेक्षा याची जास्त भीती वाटत होती. देवाने हो म्हटलं आणि हे झालं. मग देवाचं काय?

गाडी वर्कशॉपला आली की मी पहिलं विचारते, काय तपासलं होतं? लोक म्हणतात, स्कॅनर सगळं ओके दाखवतो. स्कॅनरला जे विचाराल, तेवढंच तो सांगतो. भीतभीतच मी तोच प्रश्न विचारला.

"अण्णा, तुमी देवाक काय इचारलास?"

"काय म्हंजे? 'झिलाच्या मनात गाडयेक नवो पाइप घालूचो आसा. घातलो तर चलात मां?' असा."

"पाइप खंय घालूचो, ता इचारलास?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळचट बोलले.

"ता कोण देवाक इचारता? ता मेकॅनिकाक इचारूचा."

टेम्पोजवळची बाई मोठ्याने हसली. मग सिद्धेश हसला. मी हसले की नाही ते आठवत नाही.

मी पाइपचा खालचा तुकडा बाजूला ठेवला. फिल्टर झटकून, पुसून वरच्याच तुकड्याला क्लॅम्पने आवळला. आता तो इंजिनशेजारी, उंचावर आला. गरम हवा ओढणार, पण पाणी नाही. तात्पुरतं ठीक. सिद्धेशला म्हटलं, चालू कर. त्याने अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी माझ्याकडे. मी मान हलवली आणि डोळे मिटले. इंजिन लागलं. शिट्टी आली, थोडी सर्दी झाल्यासारखी.

आम्ही मोठ्या पुलावरून लांबच्या रस्त्याने गेलो. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याच रस्त्याने डायलिसिसला वेळेवर पोचले. नंतर गाडी वर्कशॉपला आली आणि तिला बंद डब्यातला इनटेक बसला. डब्यामुळे रेडीच्या रस्त्यावरची तांबडी धूळही थेट फिल्टरवर येत नाही. उघडा फिल्टर ती धूळ खातो, आणि टर्बोची पाती झिजतात. शिट्टी येते, पण आधीपेक्षा हळू. सिद्धेश म्हणतो, मित्रांना ऐकू येत नाही. अण्णा म्हणतात, मित्रांका डायलिसिसाक जावचा नाय.

चकचकीत पाइपचा खालचा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात पेनं ठेवते.

दळवी सरांना लॉग दाखवला. तापमान जिथे धाडकन उतरतं, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हे बोलायला एवढा वेळ का लावलास?" ते म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. त्यांनीही फार आग्रह केला नाही, कारण ट्रायलची कल्पना त्यांचीच होती.

या धंद्यात गिऱ्हाइक क्वचितच प्रश्न घेऊन येतं. बहुधा उत्तर घेऊनच येतं. मित्राचं, यूट्यूबचं, कधी देवाचं. त्या उत्तराशी वाद घालण्याइतकं धैर्य माझ्यात अजून नाही. म्हणून मी आता फक्त विचारते, प्रश्न काय होता? आणि पँटवर रेघ मारायला मार्कर खिशात ठेवते.