आर्ची मॅक्निट कोणाचा

ग्रिझल मॅक्निटनं आर्चीला पोटच्या पोरासारखं वाढवलं, असं कोणी चुकून म्हणालं तर ती हातातलं काम टाकून अंगावर धावून यायची. "सारखं कसलं रे मेल्या? पोटचाच आहे तो माझ्या!" त्यामुळे तिच्या तोंडावर कोणी बोलत नसे. पाठीमागं मात्र कोनोकोचीग ओढ्याच्या दोन्ही काठांवर बोलणं चालूच होतं.

त्याला कारणही तसंच होतं. ज्या वर्षी पानगळीत लेनापी या तिथल्या मूळ रहिवाशांचे लढवय्ये डोंगर उतरून आले आणि खोऱ्यातली निम्मी घरं जळाली, त्याच एका दिवशी ओढ्याच्या अल्याड ग्रिझलचा नवरा मारला गेला आणि तिचा तीन वर्षांचा आर्ची पळवला गेला. पल्याड फेल्टन राउश या जर्मन शेतकऱ्याची बायको मारली गेली आणि त्याचा तेवढ्याच वयाचा मथेसही पळवला गेला. ग्रिझल दळण घेऊन गिरणीवर गेली होती, राउश मीठ आणायला. दोघं परतले तेव्हा घरांच्या जागी धूर होता.

नऊ वर्षं गेली. गोऱ्यांचं सैन्य मस्किंगम नदीपर्यंत पोचलं तेव्हा कुठं लेनापींनी आपल्याकडची गोरी माणसं परत दिली. कार्लाइल गावाबाहेरच्या बर्फात त्या सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि ज्यांची माणसं हरवली होती त्यांना म्हणाले, ओळखा. ओळीत एक बारा वर्षांचा पोरगा होता. वाटेत दोनदा पळाला म्हणून त्याचे हात बांधलेले. ग्रिझलनं त्याला पाहिलं आणि मिठी मारली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं राउशनं त्याचा खांदा धरला.

कप्तान वैतागला. "काही खूण आहे का?"

"नडगीवर भाजल्याचा डाग आहे," ग्रिझल म्हणाली. "चुलीवरची कढई सांडली होती."

पोराच्या पायातलं हरणाचं कातडं वर सारलं. डाग होता.

"आणि तुझी खूण?" कप्तानानं राउशला विचारलं.

राउशला इंग्रजी धड येत नव्हतं. "डोळे," तो म्हणाला. "ह्याच्या आईचे डोळे आहेत."

"डोळे सगळ्यांनाच असतात, बुवा," असं म्हणून कप्तानानं पोराचा हात ग्रिझलच्या हातात दिला.

तो पहिला हिवाळा आर्चीला पुढं जन्मभर आठवत राहिला. त्याला इंग्रजीचा शब्द कळत नव्हता. पलंगावर झोप येईना, म्हणून तो जमिनीवर झोपायचा. तेव्हा ग्रिझलही आपलं अंथरूण काढून त्याच्याशेजारी जमिनीवर झोपायची, आणि त्याच्या मनगटाला आणि आपल्या मनगटाला एकच दोरी बांधायची. पळाला की ओढ बसायची. उन्हाळा आला तेव्हा तिनं दोरी बांधणं सोडलं, आणि तोही पळाला नाही. हळूहळू ओटची पेज गोड लागायला लागली. तो तिला आई म्हणायला लागला.

राउशनं मधल्या नऊ वर्षांतच दुसरं लग्न केलं होतं. एक मुलगी झाली होती, अपोलोनिया, आणि तिच्या बाळंतपणातच दुसरी बायकोही गेली होती. तो माणूस भांडला नाही की कचेरीत गेला नाही. दर सुगीला मॅक्निटांच्या कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, कापणी करणाऱ्या पोराकडं बघायचा आणि निघून जायचा. ग्रिझल म्हणायची, "बघ, आला गिधाड." पुढं आर्ची अंगापिंडानं भरला तेव्हा राउशनं त्याला मळणीसाठी बोलवायला सुरुवात केली. माणसांची टंचाई होती, नाही म्हणता येईना. राउशला वाटायचं, पोरगा निदान आपल्या ताटावर तर बसतो.

आणि तिथंच सगळं उलटं झालं. त्या ताटावर वाढायला प्लोनी असायची. अपोलोनियाला सगळे प्लोनीच म्हणत. सतरा वर्षांची, तोंडाची फटकळ.

"किती खातोस रे! रानातलं अस्वल बरं."

"तू वाढतेस म्हणून खातो."

"मी डुकरांनाही वाढते. ती असं बघत बसत नाहीत."

दोन सुग्या असंच चाललं. तिसऱ्या वर्षी आर्ची पाद्रीबाबांकडं गेला आणि लग्नाची घोषणा करा म्हणाला. रविवारी देवळात घोषणा झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून राउश उठला. 

"हे लग्न होणार नाही. तो माझा मुलगा आहे. ही त्याची बहीण."

"खोटारड्या!" ग्रिझल किंचाळली. "माझ्या पोराचं सुख बघवत नाही होय तुला?"

प्लोनी भर देवळात बापाला म्हणाली, "बाबा, तुम्हाला प्रत्येक पोरात मथेस दिसतो. मी जन्मल्यापासून हेच बघतेय. एकदा तरी माझ्याकडं बघा."

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. आर्चीला बाहेर घेऊन ते म्हणाले, "बाळा, मला शंका असेपर्यंत मी हे पाप माथी घेणार नाही. एक जण आई म्हणते, एक जण बाप म्हणतो. ज्याला खरं ठाऊक आहे असं कोणी आहे का?"

 कोण आहे, ते आर्चीला ठाऊक होतं.

मस्किंगमची वाट लांब होती आणि त्या दिवसांत गोऱ्या माणसानं एकट्यानं जावी अशी नव्हती. त्यानं ग्रिझलला शिकारीला जातो म्हणून सांगितलं. तिनं भाकरी बांधून दिल्या, पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

ज्या बाईनं त्याला नऊ वर्षं वाढवलं होतं, तिला तो आना म्हणायचा. त्यांच्या भाषेत आना म्हणजे आई. ती मक्याच्या शेतात कणसं मोडत होती. म्हातारी झाली होती, एक डोळा पांढरा पडला होता. तिनं मान वर करून त्याला पाहिलं आणि पुन्हा कणीस मोडलं.

"जाडा झालास," ती म्हणाली. "तिकडं खायला घालतात वाटतं."

त्याची जीभ अडखळत होती, निम्मे शब्द विसरले होते. ती हसली. "आणि बोलायला शिकवत नाहीत."

तिनं त्याला झोपडीत नेलं, घुगऱ्या वाढल्या, आणि खाऊन होईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. मग त्यानं विचारलं. आना, मला कुठल्या घरातून आणलं?

तिनं हात काढून घेतला. "तुला नदीत बुडवून धुतलं त्या दिवशी तुझं पांढरं रक्त वाहून गेलं. तू माझ्या घरातला. ते तुला ओढून घेऊन गेले तेव्हा मी दोन दिवस सैन्यामागं चालले. आणि आता तू येऊन मला विचारतोस, कुठलं घर?"

"एक मुलगी आहे," आर्ची म्हणाला. "लग्न करायचंय. लोक म्हणतात ती माझी बहीण आहे."

आनाचा चेहरा बदलला. तिच्या कासवकुळात कुळातल्या कुळात लग्न करणाऱ्याच्या घरचं कोणी पाणीही पीत नसे. बराच वेळ ती चुलीतला निखारा काडीनं उकरत राहिली.

"दोन पोरं आणली होती," ती म्हणाली. "माझ्या भावानं आणली. एक सारखा रडायचा. आजारी पडला, खोकायचा. मागं शिपाई लागले होते. डोंगराखाली, नदीला जिथं पायी जाण्याजोगा उतार आहे, तिथं पाणी ओलांडताना भावानं त्याला..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "भाऊ घरी आला तेव्हा जेवला नाही. त्या पोराच्या डाव्या नडगीवर भाजलेलं होतं, असं सांगायचा. ते पाय त्याच्या छातीवर आपटत होते म्हणे वाटभर. पुढं तो दारू पिऊनच मेला."

"भाजलेलं माझ्या पायावर आहे," आर्ची म्हणाला.

"उजव्या. ते माझ्या अंगणात भाजलं. मेपलचा रस उकळत होतो, तू कढईशी मस्ती केलीस. आठवत नाही?"

त्याला आठवेना.

"तू रडायचा नाहीस," आना म्हणाली. "हात पुढं करून एकच शब्द म्हणायचास. मला वाटलं तेच तुझं नाव. कितीतरी दिवस मी तुला त्याच नावानं हाक मारली."

"कुठला शब्द?"

तिच्या भाषेत र नाही. ती म्हणाली, "प्लोत."

आर्चीनं डोळे मिटले. राउशच्या ताटावर काळा पाव पुढं सरकवताना प्लोनी रोज पावाला जर्मन शब्द वापरून म्हणायची, ब्रोट घे, आर्ची, अजून ब्रोट घे.

निघताना आना त्याला गावाच्या टोकापर्यंत पोचवायला आली. "राहा म्हटलं तर राहशील?" तिनं विचारलं. तो तिनं दिलेल्या नव्या जोड्यांचे बंद आवळत राहिला. "मग जा. वळून बघू नकोस, माझ्या गुडघ्यांना आता मागं येववत नाही."

परतीच्या वाटेवर तो नदीच्या त्या उतारापाशी थांबला. पाणी गुडघाभर होतं. काठावर विलोची झाडं आणि दगड होते, दुसरं काही नव्हतं. तिथं बसून त्यानं ठरवलं की आईला सांगायचं नाही. राउशला सांगू, प्लोनीला सांगू, पण तिला नाही. तिच्यापुरता आर्ची जिवंत राहू दे.

घरी पोचला तेव्हा ग्रिझल अंगणात सुतासाठी जवसाच्या काड्या कुटत होती. त्याच्या खांद्यावर शिकार नव्हती. पायांतले जोडे लेनापींनी शिवलेले होते. तिनं मोगरी खाली ठेवली.

"कुठं पुरलं त्याला?" तिनं विचारलं.

आर्ची जागच्या जागी खिळला.

"माझ्या पोराला, आर्चीला. कुठं पुरलं?"

"आई, तुला..."

"त्याचा डाग डाव्या पायावर होता. मीच लोणी चोळायची. त्या मैदानात तुझा उजवा पाय उघडा केला तेव्हाच मला कळलं." तिचा आवाज कोरडा होता. "ओळीत दुसरा कोणी उरला नव्हता रे. मी टोकापासून टोकापर्यंत दोनदा बघून आले होते. त्या जर्मनाकडं जमीन होती, घर उभं राहिलं होतं, एक पोर होती. माझ्याकडं काय होतं?"

"मी त्याचा मुलगा होतो, आई. तुझ्या कुंपणापाशी उभा राहायचा तो."

"दिसायचा मला. दर वर्षी दिसायचा." ती उठली, त्याच्यापाशी आली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. "शिव्या दे. निघून जा. पण आधी सांग, कुठं?"

त्यानं सांगितलं. नदीचा उतार, विलोची झाडं. पुरलं नाही, हे मात्र सांगितलं नाही. म्हणाला, दगडांखाली आहे. ती ओंजळीत तोंड घालून तिथंच खाली बसली, आणि थोड्या वेळानं तोही तिच्याशेजारी जमिनीवर बसला. राग आलेला होता. उठून जाता मात्र येईना.

दुसऱ्या दिवशी तो ओढा ओलांडून राउशकडं गेला. बाप-लेकी दोघंही घरात होती. त्यानं सगळं सांगितलं, ब्रोट या शब्दापर्यंत. प्लोनीचा चेहरा पांढराफटक पडला. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. राउश एकदा पोराकडं बघत होता, एकदा पोरीकडं. ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते दारात उभं होतं.

"खोटं आहे," राउश म्हणाला.

"काय?"

"ती रानटी बाई खोटं बोलते. तू ग्रिझलचाच. मी म्हातारा, दुःखानं आंधळा झालो होतो. उद्या पाद्रीकडं येतो आणि तसं सांगतो. करा तुम्ही लग्न." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "तुझे डोळे काही तिच्यासारखे नाहीत. कधीच नव्हते."

प्लोनीनं मान वर केली. "आर्ची, ऐक ना. बाबाच म्हणतायत. कोणाला काय कळणार आहे?"

आर्चीला वाटलं, एक शब्द पुरे आहे. मान हलवली तरी पुरे. मग त्याला काडीनं निखारे उकरणारी आना आठवली.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

बाबा या एका शब्दानं राउश खुर्चीतच कोलमडला. प्लोनी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावायच्या आधी म्हणाली, "घ्या. मिळाला तुम्हाला मथेस. माझं काय झालं ते विचारू नका आता कोणी."

हिवाळ्याआधी तिला लँकेस्टरला मावशीकडं पाठवलं. तिकडंच एका पिंपं करणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं. तिनं परत खोऱ्यात पाऊल ठेवलं नाही, बाप गेला तेव्हाही नाही.

राउश म्हणाला होता, घरी ये. आर्ची म्हणाला, तिचे ओट कोण कापणार? तो दिवसा राउशच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी ग्रिझलच्या घरी यायचा. ती दोघं फार बोलत नसत. कधी ती विचारायची, "झाडं मोठी आहेत का रे तिथली?" तो म्हणायचा, "मोठी आहेत, सावली असते." तिला तिथं जायचं होतं, पण इंग्रजांच्या राजाशी युद्ध पेटलं आणि डोंगरापलीकडची वाट बंद झाली. खोऱ्यातले जवान लेनापींना मारायला बंदुका घेऊन मस्किंगमकडं निघाले तेव्हा आर्ची गेला नाही. त्याला अर्धा रानटी म्हणाले, त्याच्या दोन गायी मारून टाकल्या. ते परतले तेव्हा एकानं दारूच्या दुकानात बढाई मारली की कासवकुळाच्या गावात आता धूर काढायलाही कोणी उरलं नाही. आर्ची त्याचं ऐकून उठला, बाहेर गेला आणि तीन दिवस कोणाला दिसला नाही.

ग्रिझल त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. त्यानं ओढ्यातला एक सपाट दगड आणून तिच्या डोक्याशी रोवला आणि त्यावर छिन्नीनं दोन नावं कोरली. ग्रिझल मॅक्निट, आणि खाली तिचा मुलगा आर्ची. लोक म्हणाले, वेडा झाला, जिवंतपणी स्वतःचं थडगं बांधतोय. तो छिन्नी पुसून घरी गेला.

तो पुढं बरीच वर्षं जगला, एकटाच. सगळे त्याला आर्चीच म्हणत आणि तो हाकेला ओ देत असे. तो गेला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला ग्रिझलच्या कुशीला पुरलं. दगडावर नाव आधीच कोरलेलं होतं, म्हणून त्यांनी दुसरं काही कोरलं नाही.