कपारीतली अढी

चिंचोळीच्या बाजूला आमच्या भावकीचा सामाईक डोंगर आहे. दसऱ्यानंतर सीताफळांनी डोळे उघडले की माणूस आणि अस्वल एकाच झुडपांकडे जातात. बायका बोलत, गात चढायच्या. आवाज ऐकला की अस्वल पलीकडच्या अंगाला उतरायचं. एवढ्या समजुतीवर पिढ्या निभावल्या.

ती समजूत मी मोडली. चांगली फळं चुलत्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी वरच, खडकाच्या कपारीत गवताखाली ती पिकत घालू लागलो. एकदा अढी उसकटलेली दिसली. साली, बिया, मातीत नखांचे ओरखडे. मी जागा बदलली नाही. फळं तेवढी वाढवली. पुढं पुढं मी खाकरलो तरी अस्वल हलेना. झुडपाआड थांबायचं आणि माझी पाठ वळली की यायचं. मला गंमत वाटायची. अस्वल धीट झालंय असं गावात बोललो असतो तर अढी उघडी पडली असती.

मग वहिनी गवताला गेली आणि अस्वलानं तिचा उजवा हात फाडला. ती बिदरच्या दवाखान्यात असताना गावानं फटाके लावून, झुडपं पेटवून त्याला हाकललं. 'माजलंय,' म्हणाले सगळे. मीही म्हणालो.

यंदा तिचा मुलगा मला हळूच म्हणाला, "काका, कपारीत अढी घातलोय. कोण तर खायलंय बघा. आईला सांगू नका."

मी तडक वहिनीकडे गेलो. ती डाव्या हातानं तूर निवडत होती. सगळं सांगून टाकलं.

"पण भावजी, मी तर मोठ्यानं गात चढलते. ते पळावं म्हणून."

"आवाज ऐकूनच आलतं ते. माणूस आला की फळं आली, हे मीच शिकवलं त्याला."

तिचा हात थांबला. "आन् मी इतकी वर्सं त्या मुक्या जिवाला शिव्या घालायलेय! तुमच्या वाटणीच्या बी त्यालाच!"

मी मान खाली घातली.

"तोंड कामून लपवायलाव? उठा. पोरगं परत वर जायच्या आधी चार माणसं घेऊन जावा. एक फळ ठेवू नका तिथं."

आम्ही कपार झाडून घेतली. खाली आलो तर तिनं सगळ्या भावकीला ओट्यावर बोलावलं होतं, चुलत्यांना सुद्धा. फळं मधोमध ओतायला लावली आणि मला म्हणाली, "आता ह्यांना सांगा."