तात्यांच्या गाडीचा दुसरा गिअर

गावातून निघताना माणसानं जरा रुबाबात निघावं, म्हणून वरकुट्याला आमच्या दारात जमलेल्या भावकीसमोर मी तात्यांची जुनी मोटारसायकल एका किकेत सुरू केली, डाव्या पायानं पहिला गिअर दाबला आणि क्लच सोडला. गाडी जोरात ओरडली, पण जागची हलली नाही.

"आरं, तो बिरेक हाय," तात्या म्हणाले. "गिअर उजवीकडं."

या गाडीचं सगळं उलटं, हे मला लहानपणापासून माहीत. पण बारामतीत इतकी वर्षं काढून माझे पाय विसरले होते.

तसं मी गाव सोडलं ते केव्हाच. त्या दिवशी निघाली होती ती गाडी. आई गेल्यापासून माझे वडील, म्हणजे तात्या, एकटेच. आमच्याकडं राहायला या म्हटलं की ते विषय उसाच्या पाण्यावर नेणार. बायकोनं 'मामा, चला' म्हणत पाठच धरली, तेव्हा म्हणाले, "आधी गाडी न्या. ती तितं नीट चालली तर मी बी येतो."

म्हणजे सासऱ्याआधी सासऱ्याची गाडी नांदवायची. आणि ती नांदेना. या गाडीला लिव्हर खाली दाबली की पहिला, वर उचलली की दुसरा आणि दोन्हींच्या मधे न्यूट्रल. मी दुसरा टाकायला जावं आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडावी. बारामतीपर्यंत मला उसाचे ट्रॅक्टर मागं टाकून गेले, तेही दोन-दोन ट्रॉल्या ओढत. एकानं तर विचारलं, "पाव्हणं, ढकलू का?"

याच गाडीवरून तात्यांनी मला इंदापूरच्या स्टँडवर सोडलं होतं, कॉलेजला निघालो तेव्हा. मांडीवर वळकटी घेऊन मी मागं. गिअर कसे पडायचे, टक, टक, टक! मी वळून घराकडं बघतोय हे त्यांना न बघताच कळलं. म्हणाले, "मागं बघू नको, तोल जातो." ते बिचारे गाडीचंच बोलत होते. मी मात्र तेवढ्या वाक्यावर पुढची सगळी वर्षं रेटली. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडले, त्यांना कळेल.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्ती सुरू झाली. क्लचची केबल बदलली. ऑइल बदललं. कुठल्याशा परमुलखातल्या माणसाचे व्हिडिओ, भाषा कळत नसताना, मान डोलवत बघितले. शेवटी मिस्त्री बोलावला. त्यानं गिअरबॉक्स उघडला, दाते बघितले, स्प्रिंग बघितली, पुन्हा बंद केला. "साहेब, आत काय बी झालेलं न्हाय," म्हणत तो माझ्याकडंच संशयानं बघू लागला. मला असा संताप आला!

त्यात तात्याच एस्टीनं येऊन थडकले. "नांदती का?"

"न्हाय नांदत."

ते गाडीवर बसले आणि पार्किंगला फेरी मारून आले. टक, टक. मला आनंद झाला आणि अपमानही. लगेच मी बसलो. न्यूट्रल!

वैतागून मान खाली घातली, तेव्हा पाय दिसले. तात्यांच्या पायात टायरचा जाड तळ मारलेल्या वहाणा, मेंढरांमागं हिंडायच्या दिवसांतल्या. मेंढरं गेली, ऊस आला, वहाणा तशाच राहिल्या. त्या खाली मावाव्यात म्हणून लिव्हर वर बसवलेली. माझी पातळ सँडल तिच्याखाली नुसती पोकळीत हलायची, आणि अर्ध्या उचलीत गिअर न्यूट्रलवर थांबायचा.

मिस्त्रीनं लिव्हर सोडवून एक दाता खाली बसवली. मी झोकात फेऱ्या मारल्या. "जमलं, तात्या!"

तात्या बसले. वहाण लिव्हरखाली शिरेना. पाय तिरका करून बघितला, तरी शिरेना. ते उतरले, सीटवरून हात फिरवला. "झाली की नीट. तुझी झाली आता. संध्याकाळची एस्टी कधी हाय?"

आणि मी शहाणा, मोबाइल काढून वेळ बघायला लागलो! मिस्त्रीनं घसा खाकरला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. त्याच्या हातातला पाना घेऊन मी लिव्हर पुन्हा वर बसवली. वाकडी बसली, ती त्यानं सरळ केली. तात्या वर आले आणि फ्लॅटच्या दाराशी थांबले. "वहाणा हितं भाईर ठिवल्या तर चोरीला तर जात न्हायती?"

तात्या रमले का, असं गावाकडची भावकी फोनवर विचारते. ते मला अजून सांगता येत नाही. पण वहाणा आत आहेत, आणि आताशा घर म्हणताना मला आधी त्या दिसतात.

त्या दिवशी मात्र मी बायकोपुढं कुरकुरलो, एवढा खटाटोप केला, आता ही गाडी मी चालवायची कशी?

चपलांच्या रॅकमध्ये जागा करता करता ती म्हणाली, "तुम्ही बसा की मामांच्या मागं. तिथं गिअर नसतो."