हळदीसाठी राखलेला पंप

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, धवलारणीच्या तोंडी असतं, आणि ती गायल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. पळस्प्यापासून उरणच्या खाडीपर्यंत कितीतरी गावांत आईला बोलावणं यायचं. कुणी माइक पुढे केला की ती तो हातानेच बाजूला सारायची. त्या आवाजाची मला अजून भूक लागते.

गाव सोडून आम्ही कळंबोलीला आलो आणि दम्यानं तिला गाठलं. समोर लोखंडाचा बाजार, दिवसभर ट्रेलरची ये-जा, पुसलेल्या खिडकीवर तासाभरात पुन्हा काळा थर. आई चार घरची धुणीभांडी करायची, भाऊ रिक्षा चालवायचा, मी नवीन पनवेलला कापडाच्या दुकानात होते. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले: एक धाप लागल्यावर ओढायचा, दुसरा धाप लागूच नये म्हणून रोज घ्यायचा. हा दुसरा महाग होता. सरकारी दवाखान्यात तो कधी मिळायचा, बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यात या म्हणायचे.

सरकारी विम्याचं कार्ड निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आईनं त्याला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्यात ठेवलं. मग तेच कार्ड घेऊन आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीतली बाई बिचारी भली होती. ती म्हणाली, "मावशी, भरती झालात तर सगळं फुकट. घरी न्यायचा पंप यात बसत नाही."

"म्हंजे परल्यावर उचलनार," आई म्हणाली, "पन परू नये म्हनून हात नाय देनार?"

बाई हसली. आम्हीही हसलो, दुसरं करणार काय? येताना पंप मी माझ्या पगारातून घेतला.

आईनं तो तीन-चार दिवस ओढला आणि स्टीलच्या डब्यात ठेवून दिला. "यानं काय लगेच मोकलं वाटत नाय," तिचं म्हणणं. पुढे माझं लग्न ठरलं. मी डब्याकडे बोट दाखवून भांडायला लागले, की ती ठणकावून सांगायची, "ह्यो तुझ्या हलदीला. तवा गायाला दम पायजेल." चांगली साडी लग्नाला, साजूक तूप सणाला, तसा भारी पंप लेकीच्या हळदीला. रोज घेतला तरच त्याचा उपयोग होतो, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. "मी तुला धवलं शिकवतंय का? मग तू मला औषध नको शिकवू," म्हणाली. मी चिडून जेवले नाही, तर माझं ताट झाकून माझ्याआधी तीच रुसून बसली.

हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीखाली मांडव उभा राहिला. बायका हळद कुटायला बसल्या. आईनं डबा उघडला, पंप हलवला आणि लागोपाठ ओढला, जणू इतक्या महिन्यांचं एकदम भरून काढायचं होतं. मग गायला लागली. पहिली ओळ अगदी तिची होती. दुसरी अर्ध्यावर तुटली. ओठ निळसर झाले, तरी हात मांडीवर ठेका धरून होता. भावानं तिला उचलून रिक्षात घातलं.

कार्ड चाललं. ऑक्सिजन, सुया, वाफ, एक पैसा पडला नाही. ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या हळदीला दुसऱ्या धवलारणीनं गायचं ठरलं. मला पाटावर बसवलं. मला तिथून उठून जायचं होतं, खरं सांगते. ती बाई घसा साफ करत होती, तेवढ्यात माझ्या मावशीच्या मोबाइलवर हॉस्पिटलातून भावाचा फोन आला. "आई म्हणतेय, फोन माइकला लावा."

जन्मभर माइक हातानं सारणारी माझी आई वॉर्डातल्या खाटेवरून माइकवर गायली. रात्रभराच्या औषधांनी छाती मोकळी झाली होती. कितीतरी वर्षांत तिचा असा भरलेला आवाज मी ऐकला नव्हता. बायका हळद लावत होत्या आणि माझ्या चेहऱ्यावरची हळद धुऊन जात होती. गाण्यातली नवरी आईकडे मागे वळून बघते, त्या जागी गाणं थांबलं. माइकवर नर्सचा आवाज आला, "मावशी, मास्क लावा बघू आधी."

"थांब गो बाय," आई म्हणाली. "माझी पोर चाललेय."

आणि पुढची ओळ उचलली.

घरी आल्यावर ती रोज पंप घ्यायला लागली, माझ्या हातून, माझ्यासमोर. पण छाती पार थकली होती. दोन वर्षांनी ती गेली. ती वर्षं मला कुणी परत दिली, तर मी काहीही देईन.

आता सासरच्या लग्नांत दुसऱ्या धवलारणी गातात. छान गातात. त्या जागेपाशी आल्या की मात्र न थांबता पुढे जातात. त्यांना थांबायचं कारणच नाही. मी हळदीची वाटी हातात धरून तिथेच थांबते आणि पुढची ओळ कधी येते याची वाट बघते.