'ये' दार आणि 'जा' दार

जगातली एकही गोष्ट नकाशाशिवाय जन्माला येऊ नये असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं, आणि माणसं तशीच जन्माला येतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून उभी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि धरणगावला घरी बसले. बसले असं आपलं आम्हाला वाटलं. मामींच्या तुळशीवृंदावनाचा त्यांनी उभा छेद काढला, कपडे वाळत घालायच्या दोरीला उतार ठरवून दिला, आणि एकदा मी पाणी मागितलं तर माठापर्यंत कसं जायचं ते वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारून समजावलं. माठ माझ्या पाठीमागेच होता. मी रेघांप्रमाणे निघालो तो न्हाणीघरात पोचलो. "नकाशा बरोबर आहे जावईबापू," मामा म्हणाले, "तुम्ही उत्तर चुकवलीत."

अशा माणसाच्या हाती कुठूनसं कुक्कुटपालनाचं एक पुस्तक लागलं. झालं! घरातच अंडी उबवायची, कोंबड्यांची उत्तम पैदास करायची, असं ठरलं आणि सात मोठे नकाशे तयार झाले. मामींच्या घरात अंडं कधी शिजलेलं नव्हतं. "मना घरमा अंडं? जमाव नही," असं त्यांनी सांगून टाकलं. दोन दिवस धुसफूस चालली आणि शेवटी एका अटीवर तह झाला. अंडं घरात येईल ते पिल्लू होण्यासाठीच, चुलीकडे जाणार नाही. जागा म्हणून त्यांच्या एकुलत्या लेकीची खोली मिळाली. लेक सुरतेला दिलेली, अक्षय्यतृतीयेला, आमच्या आखाजीला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, पण ती तीन आखाज्या झाल्या तरी आलेली नव्हती. खोली रिकामीच होती, पण ती रिकामी आहे असं त्या घरात कोणी मोठ्यानं म्हणत नसे.

पुस्तकात होतं की बाहेरची रोगराई आत येऊ नये म्हणून येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी हवी. मामांनी पुढच्या दारावर 'ये' लिहिलं, मागच्या दारावर 'जा', आणि घरभर फरशीवर खडूनं बाण काढले. 'ये'मधून यायचं, तिथल्या घमेल्यातल्या जांभळ्या औषधी पाण्यात पाय बुडवायचे, बाणाबाणानं फिरायचं आणि 'जा'मधून बाहेर पडायचं. "जा दारानं जे गेलं ते परत आत नाही," हा नियम मामा हाताची घडी घालून सांगत. त्यात अडचण एवढीच होती की चपला पुढच्या दारी राहत आणि माणूस मागच्या दारी निघे. खानदेशातल्या चैत्रात भर दुपारी अनवाणी नाचत घराला वळसा घालणारे पाहुणे हे त्या गल्लीचं नेहमीचं दृश्य झालं. जळगावला माझ्या शाळेत मुलं सोमवारी माझ्या जांभळ्या पायांकडे बघत आणि मी फळ्याकडे बघे. बाणांनी खुद्द मामाही दमत. एकदा देवघरापाशी तीन बाण समोरासमोर आले तेव्हा ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. मामींना वाटलं, नामस्मरण चाललंय.

पैदाशीचं काम तर त्याहून नाजूक. एका रक्ताची जोडी नको म्हणून कोंबडा नशिराबादचा आणि कोंबड्या पारोळ्याच्या, असा घाट घातला. नशिराबादच्या माणसाला मामांनी कोंबड्याचं मूळ गाव, आई, आजी सगळं विचारलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "भाऊ, कोंबडा लेवाना शे का पोर देवानी शे?" मामांनी त्याचं उत्तरही वंशावळीच्या कागदावर टिपून घेतलं.

यथावकाश पन्नास अंडी जुन्या कपाटाच्या उबवणीयंत्रात बसली. आत चार दिवे, एक थर्मामीटर. तिथून एकवीस दिवस मोजले तर नेमकी आखाजी येत होती. आणि तिसऱ्याच दिवशी सुरतेहून पत्र आलं की लेक यंदा आखाजीला येतेय. मामींनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मनी पोर कोठे झोपी? या खोकामा?" मामा म्हणाले, "आखाजीच्या सकाळी पिल्लं बाहेर, कपाट बाहेर, खोली तिची. माझा शब्द." हा शब्द देताना ते नकाशाकडे बघत नव्हते, हे मी प्रथमच पाहिलं.

सुट्टी लागल्यामुळे मीही मदतीला राहिलो. अंडी रोज उलटायची म्हणून एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला शून्य काढलं होतं. मामा फुली वर करून जात, मागून मामी येऊन शून्य वर करत, आणि मी दोघांचंही मन राखायचं म्हणून निम्मी अशी, निम्मी तशी ठेवी. मग पारा चढू लागला. मामांनी एक दिवा बंद केला, मग दुसरा, मग चारही. पारा चढतोच आहे! थर्मामीटर बिघडला म्हणून जळगावहून दुसरा आणवला, तोही तेच म्हणाला. शेवटी मी तो थर्मामीटर बाहेर ओट्यावर नेला. तिथे आणखी दोन रेघा वर! पुस्तक कुठल्या थंड मुलखातलं होतं देव जाणे, पण जन्मभर खानदेशच्या उन्हात पाटचाऱ्या मोजलेल्या माणसाला ऊब द्यायचं सुचलं, काढून घ्यायचं सुचलं नाही. मामा नकाशे घेऊन बसले. मला त्यांची फार दया आली. मामींनी मात्र गोणपाटं भिजवली आणि कपाटावर टाकली. त्यानंतर दर तासाला, एकही बाण न पाळता, त्या पाणी शिंपडत राहिल्या.

आखाजीची सकाळ उजाडली. गल्लीतल्या निंबाला झोके लागले, सांजोऱ्यांचा वास सुटला आणि कपाट गप्प. लेक गाडीतून उतरून आली, तिनं शहाण्यासारखे पाय जांभळे करून घेतले आणि स्वतःच्या खोलीत कपाट बघून हसली. मामा मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुझी खोली आज द्यायची होती." तेवढ्यात, घरात अंडं नको म्हणणाऱ्या मामींनी पदरात एक अंडं घेऊन कानाशी धरलं. "अहो," त्या ओरडल्या, "हाई बोली ऱ्हायनं!"

पन्नासांतून सात निघाली. लेक चार दिवस त्याच खोलीत, कपाटाशेजारी, पिल्लांच्या चिवचिवाटात झोपली. कपाट हलवायचं कोणी नावच काढलं नाही.

ती निघाली त्या दिवशी सवयीनं बाणाबाणानं मागच्या दाराकडे वळली. मामा आडवे आले. "तिकडून नाही," ते म्हणाले. "अहो, तुमचाच तर नियम," मी म्हणालो. लेकीची पिशवी उचलून ते उलट्या दिशेनं चालू लागले आणि 'ये' दाराशी पोचल्यावर उंबऱ्यापाशी काढलेला बाण त्यांनी पायानं घासून पुसला. तिच्या चपला तिथेच होत्या. ती गेली.

आम्हा सगळ्यांना उठता-बसता पाय धुवायला लावणाऱ्या मामांच्या टाचेला खडू लागला होता. तो त्यांनी दिवसभर धुतला नाही.