नवव्या किलोमीटरवरची गाडी

आमची गाडी कुठेही बंद पडत नसे. ती फक्त घरापासून नवव्या किलोमीटरला बंद पडे.

गाडी मूळची सासऱ्यांची. त्यांचा निफाडला द्राक्षांचा मळा. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, गोल पाठीची, बदामी रंगाची. नव्वदच्या दशकात रस्त्यावर नव्या चकचकीत गाड्या दिसायला लागल्या, तसे तात्यांनी (म्हणजे सासऱ्यांनी) जीप घेतली आणि ही म्हातारी पंचवटीत आमच्या दारात आणून उभी केली. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवायचे, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. जाताना म्हणाले, "जावईबापू, दिवाळीला हिच्यातच निफाडला यायचं. स्वतःच्या चाकांवर आली तर तुमची. टोचन लावून वढत आणली, तर माझ्या शेडात परत. मंजूर?"

"मंजूर!" मी छाती फुगवून म्हणालो.

पहिल्याच रविवारी मी किरकोळ सुधारणा केल्या. वायपर बदलले, आरसे घासले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक दिसलं, ते बुजवलं. (पेट्रोलचं बाष्पीभवन होतं, हे विज्ञानाच्या मास्तराला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही!) उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करायची शाळेची लाल लाख घरात होतीच. झाकण स्वयंपाकघरात नेलं, मेणबत्तीवर लाख वितळवली, भोकावर थापली आणि सवयीने वर शाळेचा पितळी शिक्काही दाबला. काम कसं, पक्कं!

पुढच्या रविवारी बायकोला, म्हणजे नंदाला, घेऊन फिरायला निघालो. माडसांगवीच्या अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

"पेट्रोल संपलं," नंदा म्हणाली.

"अगं, काटा अर्ध्यावर आहे!"

"काट्याचं काय सांगता? तात्यांच्या वेळेपासून तो अर्ध्यावरच आहे."

मी बॉनेट उघडलं. ती मागे गेली, झाकण काढलं, आत नाक खुपसलं आणि ओरडली, "आहे हो, आहे पेट्रोल!" तोवर मी एक प्लग काढून रुमालाने पुसून परत लावला होता. चावी फिरवली. सुरू!

"प्लग," मी गंभीरपणे म्हणालो.

घरी आल्यावर चारही प्लग नवे टाकले. पुढच्या रविवारी गाडी त्याच जागी बंद! नंदाने झाकण उघडून हुंगलं, मी एक वायर हलवली, गाडी सुरू. मग वायरी बदलल्या. तिसऱ्या रविवारी तेच. या खेपेला मी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवलं होतं, म्हणजे पंप तापत असणार. पंप बदलला. प्रत्येक वेळी उपाय लागू पडत होता आणि प्रत्येक रविवारी रोग परत येत होता. मी प्रयोगवहीच घातली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्षाची पानं भराभर भरत चालली.

शेजारचे पगारेभाऊ कारखान्यात फिटर. ते कुंपणावरून म्हणाले, "सर, कार्बोरेटर खोला. शंभर टक्के कचरा असणार."

झालं! दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघांनी कार्बोरेटर खोलला. सुटे भाग धुवायला भांडं हवं होतं, ते मी स्वयंपाकघरातून आणलं. (ते चकलीच्या भाजणीचं पातेलं होतं, हे दिवाळीच्या तोंडावर कळलं. तो विषय अजून मिटलेला नाही.) सगळं परत जोडल्यावर एक स्प्रिंग उरली.

"ही कुठली हो?" मी विचारलं.

"जास्तीची दिली असेल कंपनीने," पगारेभाऊ म्हणाले आणि घाईने घरी गेले.

गंमत म्हणजे स्प्रिंगवाचूनही गाडी अगदी पहिल्यासारखीच चालली. म्हणजे नऊ किलोमीटर.

दारात अर्धा अर्धा तास चालू ठेवली तरी काही होत नसे. नुसती लाडात आल्यासारखी गुरगुरत उभी! दिवाळी चार दिवसांवर आली, तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. मला ती गाडी हवी होती हो! दर रविवारी तिच्याखाली आडवा होऊन मी तिच्या प्रेमातच पडलो होतो. शेवटच्या रात्री प्रयोगवही पुन्हा वाचली आणि एकदम लख्ख प्रकाश पडला. नंदा दर खेपेला झाकण उघडते, पेट्रोलची वाफ उडून जाते, टाकीतल्या पेट्रोलचा दर्जा घसरतो!

"उद्या तू गाडीतून उतरायचं नाहीस. झाकणाला तर हात लावायचा नाही."

"मी काय केलंय?"

"ते तुला कळायचं नाही. ते विज्ञान आहे."

"बरं," नंदा एवढंच म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

सकाळी तात्या पहिल्या एस.टी.ने स्वतः हजर! परीक्षक म्हणून मागच्या सीटवर बसले. नंदा माझ्या शेजारी, हाताची घडी, तोंडाला कुलूप. माडसांगवी जवळ आली. दोन उचक्या. गप्प!

मी उडी मारून उतरलो. प्लग पुसले, वायरी हलवल्या, पंपावर ओलं फडकं टाकलं, कार्बोरेटरवर हलकेच पान्हा आपटला. वहीतले सगळे निष्कर्ष ओळीने वापरून झाले. पाऊण तास गेला. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. तेवढ्यात निफाडकडे निघालेला एक ट्रॅक्टर थांबला.

"रामराम तात्या! लावू का टोचन?"

"लाव बाबा. सणाचं जेवायचं तरी घरी."

ड्रायव्हरने दोर काढला. गाडीच्या पुढच्या बंपरला पहिली गाठ बसली, तशी मी गाडीकडे पाठ फिरवली.

तात्यांचं लक्ष गाडीत गेलं. "नंदे, तू का अशी बसून हाय?"

"मला उतरायची बंदी आहे."

"बंदी? एरवी काय करती तू?"

"काही नाही. मी मागचं झाकण उघडते, पेट्रोल आहे का बघते, आणि गाडी सुरू होते."

तात्या तंबाखू झटकून उठले. मागे गेले. झाकण फिरवलं. फुस्सऽऽ! टाकीने एवढा मोठा श्वास आत ओढला, की ट्रॅक्टरवाला दोन पावलं मागे सरला.

"चावी फिरवा," तात्या म्हणाले. मी फिरवली. सुरू!

तात्यांनी झाकण उन्हात धरलं. लाल लाख, त्यावर आमच्या शाळेचं नाव, सुवाच्य. लपवायला जागाच नव्हती.

"जावईबापू, आमच्या फवारणी पंपाच्या झाकणाला भोक असतंय. का असतंय?"

मी मान खाली घातली. "हवा आत जायला. नाहीतर आत पोकळी होते आणि पातळ पदार्थ बाहेर येत नाही."

"मंग हे तुमाला म्हाईत हाय?"

"नववीला... शिकवतो."

ट्रॅक्टरवाला हसता हसता दोरावरच बसला. नंदा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्याकडे बघून मलाही हसू आवरेना. तात्यांनी खिशातल्या चाकूने लाख खरवडली, भोक मोकळं केलं, दोर सोडला. गाडी थेट निफाडच्या मळ्यात स्वतःच्या चाकांवर शिरली.

"आली की नाही, तात्या!" मी ओरडलो.

"आली ना. गाडी तुमच्या घरची, बोललो तसं." त्यांनी माझ्या हातातून चावी काढली आणि नंदाच्या हातात ठेवली. "फकस्त चालवायची हिनं."

नंदा महिन्याभरात शिकली. पुढची अकरा वर्षं तिने ती गाडी नाशिकभर फिरवली, एकदासुद्धा बंद पडली नाही. लोक कौतुकाने विचारायचे, "सर, इतकी जुनी गाडी आणि इतकी फर्स्टक्लास? तुम्ही नेमकं काय करता हो?"

मी ताठ मानेने खरं तेच सांगायचो, "मी हात लावत नाही!"