गुडघेवाल्या मॅडम

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाविषयी असं लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. या धिटाईबद्दल माफ करा. पण गुडघेवाल्या मॅडमविषयी सांगितल्याशिवाय राहवतच नाही!

मॅडम कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री प्रतिनिधी होत्या. असे लोक डॉक्टरांच्या केबिनबाहेर अवघडून बसतात. मॅडम मात्र पेशंटांच्या बाकावर येऊन बसत, बॅगेतून चकचकीत धातूचा गुडघा काढत आणि म्हणत, "घ्या हातात. अंगात जाणार आहे, ओळख नको व्हायला?"

आमची आई गव्हाणची, मासळी विकणारी; तिचा गुडघा बदलायचा होता. तिने तो तळहातावर तोलला. "यापरीस पापलेट हलका हाय!" मॅडम इतक्या हसल्या, की नर्सने हटकलं.

"स्थळ सुचवणारा मुलाचा मामा असेल, तर बैठकीत ते आधी सांगावं," असं त्या नेहमी म्हणत. "मामा खोटारडा नसतो, पण मामा असतो."

याचा अर्थ मला केबिनमध्ये कळला. डॉक्टरांनी आईला त्याच कंपनीचा गुडघा सुचवला. मॅडम शेजारीच होत्या. म्हणाल्या, "सर, आमची कंपनी तुम्हाला सल्लागार म्हणून मानधन देते, तेही यांना सांगू या ना."

"मॅडम, तुम्ही माल विकायला आलात की माझी अब्रू?"

"पैसे आम्ही देतो, सर. मग सांगायची जबाबदारी एकट्या तुमची कशी? आमचीही आहेच."

शेवटी डॉक्टर म्हणाले, "हो, मिळतं मानधन. तरी गुडघा चांगलाच आहे. हवं तर कामोठ्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारून या."

आई म्हणाली, "सांगलास ना? मंग तूच कर."

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरांनी कंपनीकडे मॅडमची तक्रार केली होती, आणि मॅडमना हेड ऑफिसचं बोलावणं आलं. नोकरीच जायची वेळ. निघताना मला म्हणाल्या, "गेली तर जाऊ दे रे. पण आपण डॉक्टरांना पैसे द्यायचे आणि पेशंटला अंधारात ठेवायचं, हे कसं चालतं, ते विचारूनच येईन." त्यानंतर त्यांचा फोन लागेना. कितीतरी महिने मी बेचैन होतो.

काल आईच्या तपासणीला गेलो, तर डॉक्टरच खुर्चीतून उठले. "अरे, तुझ्या मॅडमनी कंपनीला नमवलं की! पेशंटला आधी सांगितलं नाही, तर यापुढे आमचं मानधन बंद. आणि डॉक्टरांनी खरंच सांगितलं का, हे पेशंटांना विचारत राज्यभर कोण फिरणार, माहितेय? त्याच!"